मोठ्या आतड्याचा फोटो
(घाटकोपर येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आम्ही आपल्याशी एका नाजूक विषयावर बोलणार आहोत. बेरियम एनिमा नावाची एक तपासणी असते. तिचे नाव ऐकूनच पुष्कळ माणसे घाबरतात. आम्ही डॉक्टर नव्हे, जन्मभर शाळामास्तर होतो. पण जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते आपल्याला सोपे करून सांगतो.

शौचावाटे रक्त पडते. कधी पोट साफ होत नाही, कधी जुलाब थांबत नाहीत. वजन उतरते. तरी माणूस म्हणतो, "मूळव्याध असेल, जाईल आपोआप." बायको विचारते, तर तिच्यावरच डाफरतो. बायामाणसे तर कोणापाशी बोलतच नाहीत. मूळव्याध असेलही. पण आतड्याला सूज असू शकते, गाठ असू शकते, कर्करोगही असू शकतो. तो लवकर कळला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते. लाजेपायी वर्ष घालवले, तर तोच उपाय अवघड होऊन बसतो. तेव्हा आधी डॉक्टरांकडे जावे. कोणती तपासणी करायची ते डॉक्टर ठरवतील.

क्ष-किरणांचा शोध जर्मनीत राँटजेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९५ साली लावला. त्या किरणांनी हाडाचा फोटो छान येतो. आतडे मात्र मऊ, ते नीट दिसत नाही. म्हणून त्यात बेरियम सल्फेटची पांढरी भुकटी पाण्यात कालवून सोडतात. ही भुकटी एका जड दगडापासून मिळते. आंध्र प्रदेशात मंगमपेट येथे त्या दगडाच्या मोठ्या खाणी आहेत. हा दगड पाण्याच्या सुमारे साडेचार पट जड. क्ष-किरण त्यातून सहज पार होत नाहीत. त्यामुळे सुमारे पाच फूट लांबीच्या मोठ्या आतड्याचा आकार फोटोत उमटतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, बेरियम विषारी ना?" बेरियमचे काही क्षार विषारी आहेत, हे खरे. पण बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही. ते अंगात भिनत नाही, शौचावाटे बाहेर पडते.

आता तयारी. सगळे इथेच अडते. आतडे अगदी रिकामे हवे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना दवाखान्यातून सूचनांचा कागद मिळाला होता. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. आदल्या रात्री पाहुणे आले, म्हणून पोटभर मटण-भाकरी खाल्ली. सकाळी मात्र म्हणाले, "मी उपाशी आहे." फोटोत गाठीसारखे काही दिसले. घरात रडारड झाली. पुन्हा तयारी करून पुन्हा फोटो काढला, तेव्हा गाठ नव्हती. आतड्यात मळ राहिला होता, तोच तसा दिसला. दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि घरच्यांची झोप गेली, ती वेगळीच.

म्हणून कागदावर लिहिले असेल तसेच करावे. बहुधा आदल्या दिवशी जेवण बंद करून पातळ, निवळ पदार्थ घ्यायला सांगतात आणि जुलाबाचे औषध देतात. औषध घेतल्यावर कामावर जाऊ नये. लोकलगाडीत शौचाची सोय नसते. चाळीत संडास सामाईक असेल, तर शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी. त्यात लाज कसली?

डॉक्टरांना पुढील गोष्टी आधीच सांगाव्यात:

१. पोटात दिवस असतील किंवा तशी शंका असेल तर.
२. मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर. रोजची औषधे घ्यावी की नाही, तेही विचारावे.
३. कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठले असेल, धाप लागली असेल तर.
४. नुकतीच आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली असेल किंवा तुकडा काढला असेल तर.
५. पोटात अचानक फार दुखत असेल, ताप असेल तर. आतड्याला भोक पडल्याची शंका असली, तर बेरियम देत नाहीत.

तपासणीच्या वेळी टेबलावर कुशीवर निजवतात. शौचाच्या जागेतून एक नळी हळूच आत घालतात. तिच्यातून बेरियम सोडतात, पुष्कळदा थोडी हवाही भरतात. पोट फुगल्यासारखे वाटते, कळ येते, शौचाला लागल्यासारखे होते. अशा वेळी तोंडाने सावकाश श्वास घ्यावा. फार दुखले तर लगेच सांगावे, गप्प सोसू नये. या कुशीवर, त्या कुशीवर वळवून फोटो काढतात. बहुधा अर्ध्या तासापासून एक तास लागतो. बायकांनी सोबत परिचारिका असावी असे सांगण्यास संकोच करू नये.

नंतर दोन-चार दिवस शौचाला पांढरे होते. भिऊ नये. बेरियम आत सुकले तर पोट घट्ट होते, म्हणून पाणी भरपूर प्यावे. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे. दोन दिवस शौचाला झाले नाही, पोटात जोराने दुखू लागले, ताप आला किंवा रक्त पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आता पुष्कळ ठिकाणी याऐवजी दुर्बिणीने तपासणी किंवा सी.टी. स्कॅन करतात. दुर्बिणीतून संशयाचा तुकडा काढता येतो, बेरियमच्या तपासणीत तो काढता येत नाही. तेव्हा राजावाडीला जा, कूपरला जा, कोठेही जा, पण "डॉक्टरसाहेब, मला हीच तपासणी का?" असे जरूर विचारा. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आपण आता अक्षरे जुळवून वाचू लागला आहात. पुढच्या वर्गाला, ज्यांची हरकत नसेल त्यांनी, दवाखान्याचा एखादा कागद घेऊन यावे. शब्द अडला तर फळ्यावर लिहू आणि सगळे मिळून वाचू.