गावाची ओढ आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचे बिऱ्हाड मुंबई-ठाण्यास. मूळ मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जावे लागे. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर आले. अंतर सरले, ओढ मात्र सरली नाही. म्हणजे ती केवळ दूरत्वामुळे उत्पन्न होत नाही.

मग ती कशाची? १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सागराला उद्देशून काव्य रचले. त्यात मायभूमीच्या आठवणीबरोबर आम्रवृक्ष, वेली आणि गुलाबही आले. आपणांसही भिंतींआधी मृगाच्या पहिल्या सरीचा वास, पऱ्ह्याचा खळखळाट आणि परसातला रातांबा आठवतो. तात्पर्य, माती, पाणी व झाडे यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जडलेले नाते, हेच घर होय.

हे नाते आज कसोटीस लागले आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर आपला कातळ ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेला असतो. सबब तो निरुपयोगी, असा समज होतो. वस्तुतः पावसाळ्यात त्याच सड्यावर सीतेची आसवे फुलतात, आणि तेथे मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. कशेळी, उक्षी, बारसू येथील प्राचीन कातळशिल्पे अशाच सड्यांवर आहेत. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले. देवराईचेही तसेच. तेथील काटकी मोडू नये, हा दंडक पूर्वजांनी देवाच्या नावाने घातला, म्हणून जुने वृक्ष व झरे टिकले. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल शास्त्रीय रीतीने दाखवून दिले.

आता हिस्सेदार चार गावी विखुरलेले. दलाल एकेकास गाठतो, सही होते आणि सामाईक जमीन हातची जाते. आजारपणापायी किंवा मुलांच्या शिक्षणापायी कोणी जमीन विकली, तर आम्ही त्यास दोष देणार नाही. अडचण कोणास चुकली आहे? परंतु विकण्यापूर्वी भाऊबंदांस विचारावे, आणि देवराई व पाणवठा यांचा सौदा कोणत्याही भावात करू नये, एवढे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरे असे की, मुलांना केवळ गणपती-शिमग्यास न नेता लावणीच्या दिवसांतही गावी न्यावे. त्यांना चिखलात उतरू द्यावे, झाडांची नावे सांगावी. जमीन वारसाहक्काने मिळते. ओढ तशी मिळत नाही, ती लावावी लागते. ज्यांना ओढच नाही, त्यांच्या हाती उद्या तो सात-बारा जाणार आहे, याचा विचार प्रत्येक घराने करावा.