रस्ता वापरला तरच आपला

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'तरुण आणि नागरिकत्व' असा विषय दिला होता. मी संयोजकांना म्हटलं, कलमं आणि अधिकार यांवर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे इथे आहेत. मी एका दिवसाच्या सफरीबद्दल बोलते. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी मैत्रीण मोटरसायकलवर पुण्याहून भोरमार्गे वरंध घाट उतरून महाडला गेलो आणि रात्री इशाच्या सुमारास घरी परतलो. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पेट्रोलचे सहाशे रुपये दोघींनी वाटून घेतले. गाडी तिची, चालवली दोघींनी आलटून पालटून.

खरा घाट तर निघण्याआधीच लागला. आमच्या गल्लीतल्या एक खाला म्हणाल्या, "दोनों लड़कियाँच जाती क्या?" दुसऱ्या म्हणाल्या, महरमशिवाय सफर कशी करणार? तुमच्यातल्या मुलींना हा प्रश्न ओळखीचा असेल. त्याची थट्टा करू नका. ज्या काळात वाटेत लुटारू असत, त्या काळातली ही काळजी आहे. वाट सुरक्षित असेल आणि सोबत विश्वासाची असेल तर काय, यावर आलिमांमध्येही मतभेद आहेत. मी अम्मीला एवढंच सांगितलं की अंधार पडायच्या आत घाट चढून वर येऊ आणि प्रत्येक गावाहून फोन करू. अम्मीने डबा भरून दिला. परवानगी अशीच मिळते, डब्याच्या रूपात.

सकाळी सहाला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला की शहर मागे पडतं. खेड शिवापूरला कमर अली दरवेश यांचा दर्गा आहे. तिथला तो जड दगड तुम्हाला माहीत असेल. अकरा जण एकेक बोट लावतात, दरवेशांचं नाव घेतात आणि दगड उचलतात. त्या अकरा जणांत कोण कुठल्या धर्माचा, हे कुणी मोजत नाही. आम्ही थांबलो, फातेहा पढले, चहा घेतला आणि पुढे कापूरहोळच्या फाट्यावरून महामार्ग सोडला.

फुरसतीची सफर म्हणजे काय ते तिथून कळतं. भोरच्या रस्त्याला जुने वड आहेत, दोन्ही बाजूंनी वाकलेले. भोर हे एकेकाळी पंतसचिवांचं संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झालं, राजवाडा अजून उभा आहे. पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी कितीतरी वेळ रस्त्याला सोबत करतं. ऑक्टोबर असल्याने खाचरांतलं भात पिवळं पडत होतं, बांधांवर सोनकीची शेवटची फुलं होती. आम्ही ताशी चाळीसच्या वर गेलोच नाही. घाई असती तर वरच्या दगडाच्या पायऱ्या दिसल्या नसत्या. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते थर कड्यावर आडव्या रेघांसारखे स्पष्ट दिसतात.

वाटेत एका टपरीवाल्या काकांनी विचारलं, "एकट्याच निघालात?" आम्ही दोघी होतो. दोन मुली एकत्र असल्या तरी त्या 'एकट्याच' असतात, हा आपल्याकडचा हिशेब आहे. मैत्रीण म्हणाली, "नाही काका, दोघी आहोत." काका हसले आणि पुढे रस्ता कुठे खचलाय ते नीट समजावून सांगितलं. बहुतेक माणसं अशीच असतात. प्रश्न जुना विचारतात, मदत मात्र खरी करतात.

घाटमाथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे, शेजारी भजी-चहाच्या टपऱ्या आणि समोर एकदम तुटलेला कोकणचा कडा. भजी तळणाऱ्या आजींनी नाव विचारलं. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. दोन क्षण त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते दोन क्षण तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहेत, वेगळं सांगायची गरज नाही. मग म्हणाल्या, "महाडच्या बाजारात तुमच्याच लोकांकडून मासळी घेते मी. बस, गरम खा." भजी घाणीतून थेट पानावर आली. नेहमी असंच घडतं असं मी म्हणणार नाही. परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना माझा स्कार्फ बघून दोन पोरं काहीतरी पुटपुटली, तेही खरंच आहे. पण घरात बसलेल्या माणसापर्यंत फक्त पुटपुटणं पोचतं, तेही मोबाईलवरून. आजींची भजी पोचत नाहीत. त्यासाठी घाटापर्यंत जावं लागतं.

उतरताना डोंगराची दुसरी बाजूही दिसते. याच महाड तालुक्यातल्या तळीये गावावर २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवसांत महाड शहर पुराच्या पाण्यात होतं. डोंगर फोटोपुरता नसतो, त्याच्या पायथ्याशी माणसं राहतात. म्हणून पावसाळ्यात या घाटात जाऊ नका. तो बऱ्याचदा वाहतुकीला बंदही ठेवतात.

महाडला आम्ही चवदार तळ्यावर गेलो. खरं तर मैत्रिणीला तिथे जायचं होतं म्हणूनच हा रस्ता ठरला होता. ती बौद्ध आहे. तिच्या घरचे २० मार्चला इथे येतात.

तुम्हाला इतिहास थोडक्यात सांगते, कारण माझ्या सांगण्याचा गाभा त्यात आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळाला होता. तरी एकही अस्पृश्य माणूस तिथलं पाणी पिऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसोबत चालत तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर गावात हल्ले झाले. मार खाल्लेल्या अनेकांना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरवायची तेव्हा मंडपाला कुणी जागा देईना. ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने दिली. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

मी हे मैत्रिणीला अभिमानाने सांगत होते. ती म्हणाली, "आजोबा सांगायचे. तुमच्या लोकांनी दारं उघडली, हे ते कधी विसरले नाहीत. पण त्याआधी कित्येक वर्षं तुम्ही इथून पाणी भरत होता, आणि आम्ही लांबून बघत होतो. तेही ते विसरले नाहीत."

ती रागाने बोलली नाही. पण हे दोन्ही खरं आहे. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. आज आपल्यावर अन्याय झाला की आपण म्हणतो, इतर समाज गप्प का? तो प्रश्न रास्तच आहे. पण त्या तळ्याच्या पायरीवर बसल्यावर त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न उभा राहतो: आपल्याला पाणी मिळत असताना, ज्यांना मिळत नाही त्यांच्याकडे आपण बघतो का? फत्तेखानांनी बघितलं. म्हणून जवळपास शंभर वर्षांनंतरही त्यांचं नाव घेतलं जातं.

जुहरची नमाज मी महाडमध्येच पढले. सफरीत चार रकातींच्या दोन होतात. माझ्या दीनने मुसाफिराची सोय आधीच करून ठेवली आहे, कारण माणसाने फिरावं हे त्याला मान्य आहे. जमिनीवर फिरा आणि पाहा, असं कुरआन सांगतं. मैत्रीण माझी पाण्याची बाटली आणि हेल्मेट सांभाळत बसली होती. मग दोघींनी अम्मीचा डबा संपवला आणि साडेतीनला परत निघालो.

आता कामाच्या चार गोष्टी. परवाना नसेल तर गाडीला हात लावू नका. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही. मुलींनो, ओढणी आणि बुरख्याचा घोळ नीट बांधा. चाकात कापड अडकून जीव जातात. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. खालच्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, वळणावर हॉर्न द्या. अंधारात किंवा धुक्यात घाटात शिरू नका. आणि भावांनो, बहिणीने गाडी मागितली तर "मी सोडतो तुला" एवढंच म्हणू नका. तिला शिकवा.

शेवटी एवढंच सांगते. तळं सार्वजनिक आहे असा ठराव होता, पण माणसं चालत जाईपर्यंत ते सार्वजनिक झालं नाही. आपले रस्ते, घाट, किल्ले, धरणं, गावचे बाजार सगळे सार्वजनिक आहेत. तिथे आपलं दिसणं हीसुद्धा नागरिकत्वाची एक सवय आहे. ती घोषणा देऊन लागत नाही, जाऊन-येऊन लागते. या हिवाळ्यात एक दिवस काढा. आपल्या मोहल्ल्याबाहेरचा एक मित्र किंवा मैत्रीण सोबत घ्या. कुठे जायचं ते त्याला किंवा तिला ठरवू द्या आणि वाटेत त्याच्या किंवा तिच्या घरात सांगितला जाणारा इतिहास ऐका. तो आपल्याला सोयीचा नसला तरी ऐका.