हालतीं अक्षरें



रेल्वेच्या फलाटावर, मोठ्या दुकानांच्या दारांत किंवा हातांतील मोबाइलवर हल्लीं जीं पोस्टरें दिसतात, त्यांतील अक्षरें पुष्कळदां एके ठिकाणीं स्वस्थ बसत नाहींत. तीं सरकतात, ताणलीं जातात, विरतात आणि पुन्हां उगवतात. केवळ अक्षरांच्या बळावर असें हालतें पोस्टर रचणें हा डिझाइनच्या विद्यार्थ्यांचा आज एक नेहमींचा पाठ झाला आहे. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांत हें शिक्षण घेणारा मुलगा किंवा मुलगी असेल. आणि रात्रीं उशिरापर्यंत संगणकापुढें बसून एकच शब्द काय नाचवीत बसला आहे, असा प्रश्न वडील मंडळींच्या मनांत येणें साहजिक आहे. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आज माझा विचार आहे.

अक्षरें हालविण्याची ही कला संगणकाच्या पाठीवर बसून आलेली नाहीं. अमेरिकन चित्रकार सॉल बास यानें १९५९ सालीं ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या बोलपटाची नामावली रचली. तींत नांवें तिरप्या रेषांवरून वरखालीं सरकतात आणि अखेर त्याच रेषांतून एका उंच इमारतीची कांचेची भिंत प्रकट होते. नांवें लिफ्टसारखीं कां हालत होतीं, याचा उलगडा त्या क्षणीं होतो. या कलेचें मर्म येथेंच आहे. हालचालीला कारण असावें लागतें. नुसती चंचलता म्हणजे हालचाल नव्हे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. समजा, एका विद्यार्थिनीला समुद्रावरील प्रदर्शनासाठीं ‘भरती’ या एकाच शब्दाचें पोस्टर करावयाचें आहे. रोमन अक्षरें जमिनीवर उभीं असतात, तर आपलीं देवनागरी अक्षरें शिरोरेखेला टांगलेलीं असतात. ही शिरोरेखा म्हणजेच पाण्याची पातळी, अशी कल्पना तिला सुचते. रेषा वर चढेल तसे अक्षरांचे दंड लांबतील आणि ‘ती’ची वेलांटी पाण्यावरच्या शिडासारखी वर दिसत राहील. कल्पना चांगली आहे. पण अडचणी येथूनच सुरू होतात.

अख्खें अक्षर रबरासारखें ताणलें, तर त्याच्या आडव्या रेघा जाड होतात आणि गोलाई बिघडते. म्हणून ताणावयाचा तो केवळ दंड. परंतु ‘भ’ आणि ‘त’ यांना जसा पूर्ण दंड आहे, तसा ‘र’ला नाहीं, तो तिरप्या पायावर उभा असतो. त्याच्यासाठीं निराळा विचार करावा लागतो. शिवाय ‘भ’च्या डोक्यावरील रेषा डावीकडे तुटलेली असते. पाण्याची पातळी अखंड दिसावी म्हणून तिनें ती सांधली, तर ‘भ’चा ‘म’ वाचला जाण्याची भीति, आणि ‘भरती’ची ‘मरती’ होणार! तेवढें अंतर राखल्यावांचून गत्यंतर नाहीं. लिपीचे नियम म्हणजे जुनाट बंधनें नसून अर्थाचे पहारेकरी आहेत, हें विद्यार्थ्याला अशा वेळीं पटतें.

पुढचा प्रश्न गतीचा. चित्रपटाच्या रीतीनें एका सेकंदाला २४ चित्रें धरलीं, तर बारा सेकंदांच्या पोस्टराला २८८ चित्रें लागतात. विद्यार्थिनी त्यांतल्या मोक्याच्या स्थिति ठरविते आणि मधलीं चित्रें संगणक भरून काढतो. पण त्याला मोकळें सोडलें, तर तो सर्वत्र सारखाच वेग देतो, आणि ती गति निर्जीव वाटते. समुद्र तसा चढत नाहीं. भरतीच्या सहा तासांत पाणी पहिल्या तासाला एकंदर चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासाला दोन, तिसऱ्या व चौथ्या तासाला तीन तीन, पांचव्याला दोन आणि सहाव्याला पुन्हां एक हिस्सा चढतें, असा नाविकांचा ढोबळ हिशेब आहे. सहा सेकंद चढ आणि सहा सेकंद उतार असा हाच हिशेब तिनें पडद्यावर उतरविला, कीं रेषा श्वास घेऊं लागते. आणि शेवट आरंभाला आपोआप मिळतो.

देवनागरीची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकेक अक्षर सुटें करून नाचविण्याचीं पुष्कळ साधनें रोमन लिपी डोळ्यांपुढें ठेवून घडलेलीं आहेत. ‘स्त्री’ हें आपल्या दृष्टीनें एकच अक्षर. पण संगणकाच्या सांठवणींत त्याचे सहा तुकडे असतात. ते सुटे उडविले, तर पडद्यावर मोडकीं हाडें दिसतात. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकविणारे र. कृ. जोशी यांनीं संगणकासाठीं ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडविला, तेव्हां जोडाक्षरांची हीच गुंतागुंत सोडवावी लागली होती. ज्या लिपींत आपण विचार करितों, तिची नव्या पडद्यावर आबाळ होऊं द्यावयाची कीं नाहीं, हें आजच्या विद्यार्थ्यांच्या हातीं आहे.

या कामांत एक जबाबदारीही आहे. १९९७ च्या डिसेंबरांत जपानमध्यें मुलांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमांत लाल व निळा प्रकाश झपाट्यानें लुकलुकला, आणि ६८५ प्रेक्षकांना रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यांत बहुतेक मुलें होतीं. म्हणूनच पडद्यावरील कोणतीही गोष्ट एका सेकंदांत तीनांहून अधिक वेळां लखलखूं नये, असा दंडक आज मानला जातो. लक्ष वेधण्याच्या हौसेला कोठें तरी मर्यादा हवी. पाहणाऱ्याचे डोळे ही आपली मालमत्ता नव्हे.

तेव्हां आपल्या मुलांनीं असें पोस्टर दाखविलें, तर नुसतें ‘छान’ म्हणून मोकळे होऊं नका. तें मध्येंच थांबवावयास सांगा आणि थांबलेलें चित्रही नीट वाचतां येतें कीं नाहीं, तें पाहा. मग तेंच दहा वेळां पाहा आणि डोळे शिणतात कीं रमतात, तें त्यांना सांगा. शेवटीं एवढेंच विचारा, कीं हें अक्षर कां हाललें? या प्रश्नाचें उत्तर ज्याच्याजवळ तयार आहे, त्याचें रात्रींचें जागरण व्यर्थ गेलें नाहीं, असें खुशाल समजावें.