वाऱ्याचा गोंगाट आणि स्वाराचे कान



मी पेशानें प्राथमिक शाळेचा मास्तर. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. वैद्यक किंवा यंत्रशास्त्र यांवर अधिकारवाणीनें बोलण्याची माझी योग्यता नाहीं. तरीहि मोटारसायकलवरून जातांना कानांचें रक्षण कसें करावें, या विषयावर आज चार शब्द बोलण्याचें मी पत्करलें आहे. कारण एवढेंच कीं, ही विद्या मी फी भरून शिकलों आहें, आणि ती फी माझ्या कानांनीं दिली आहे.

कऱ्हाडाहून पाटणच्या बाजूला माझी शाळा होती. जातां-येतां रोज सुमारें ७० किलोमीटर, आणि हा क्रम सत्तावीस वर्षें चालला. आरंभींचीं कित्येक वर्षें डोक्यावर हेल्मेट नव्हतें. थंडीच्या दिवसांत मफलर गुंडाळीत असें, एरवीं कान उघडेच. त्यांत एका मेकॅनिकच्या सांगण्यावरून मी सायलेन्सरच्या आंतली जाळी काढून टाकिली. गाडी मोकळी होते, असें तो म्हणाला. गाडी मोकळी झाली कीं नाहीं, कोण जाणे. माझ्या येण्याची वर्दी मात्र शाळेंतल्या मुलांना ओढ्यापलीकडूनच मिळूं लागली. मला त्याचा अभिमानहि वाटत असे, हें कबूल केलें पाहिजे.

२०११ सालीं चौथीच्या वर्गांत मी तोंडी हिशेब घेत होतों. छप्पन्न भागिले आठ किती, असें एका मुलीला विचारलें. ती म्हणाली, "आठ." निदान मला तसें ऐकूं आलें. मी म्हणालों, चूक, पुन्हा सांग. तिनें पुन्हा तेंच सांगितलें. मी तिला उभें राहण्याची शिक्षा दिली, आणि उद्धटपणाबद्दल चार शब्दहि ऐकविले. तेव्हां त्या मुलीनें कांहीं न बोलतां दोन्ही हात वर केले आणि सात बोटें दाखविलीं. वर्ग स्तब्ध झाला. ती पहिल्यापासून "सात" म्हणत होती. त्यांतला स माझ्या कानापर्यंत पोंचतच नव्हता.

पुढें कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं एका बंद खोलींत बसवून, कानांना यंत्र लावून, बारीक-मोठे स्वर ऐकविले आणि श्रवणशक्तीचा आलेख काढला. सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपास त्या आलेखांत खळगा पडलेला होता. वयानें येणारा बधिरपणा अत्यंत उंच स्वरांपासून उतरत येतो; गोंगाटानें येणारा बहुधा या ठिकाणीं खळगा पाडतो. माझ्या बाबतींत दोहोंची भागीदारी आहे, असें ते म्हणाले. स, श, फ, थ अशा व्यंजनांची ओळख उंच स्वरांवरूनच पटते. म्हणून अशा माणसाला दुसऱ्याचा आवाज ऐकूं येतो, परंतु शब्द कळत नाहीं. आणि तो समोरच्यावर पुटपुटण्याचा आरोप करीत राहतो.

गोंगाटानें कान जातात, हें ज्ञान नवें नाहीं. इटलींतील रामाझ्झिनी नांवाच्या वैद्यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यांत तांब्याचीं भांडीं ठोकणारे व्हेनिसचे तांबट बहिरे होतात, असें नमूद केलें आहे. पुण्याच्या तांबट आळींतून ज्यानें एकदां तरी फेरी मारिली असेल, त्याला याचें आश्चर्य वाटूं नये. नवें आहे तें इतकेंच, कीं हातोडी हातांत न घेतांहि आपण तो ठोका कानावर घेत असतों.

हा ठोका इंजिनाचा, असा सामान्य समज आहे. सायलेन्सर धड असेल, तर सुमारें ताशी ६० किलोमीटरच्या पुढें इंजिनाहून वाराच अधिक ओरडतो. हवेचा प्रवाह हेल्मेटवर आपटून बाजूला फाटतो, त्याचे भोंवरे होतात आणि ते कानाजवळ दाबाचे धक्के देत राहतात. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटच्या आंतला हा आवाज ९५ डेसिबल सहज ओलांडतो. आतां डेसिबलचें गणित साध्या बेरजेचें नाहीं. दर ३ डेसिबलांनीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते. नायॉश या अमेरिकन सरकारी संशोधनसंस्थेनें कामगारांसाठीं घातलेली मर्यादा अशी, कीं ८५ डेसिबलांत दिवसाचे आठ तास. ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलांना अवघीं पंधरा मिनिटें. माझा पुतण्या दर शनिवारीं पुण्याहून कऱ्हाडला मोटारसायकलनें येतो. रस्ता तीन तासांचा. तो किती वेगानें येतो, हें मी विचारीत नाहीं. या बाबतींत मुलें खरें सांगत नाहींत. परंतु दिवसभराचा शिधा त्यानें खंबाटकीचा घाट येण्यापूर्वींच संपविलेला असतो, हें मला हिशेबानें कळतें.

कानाच्या आंत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तींत केसाळ टोंकांच्या सुमारें पंधरा हजार पेशी असतात. ध्वनीच्या लाटेनें त्या हालतात आणि मेंदूला वर्दी देतात. वादळानें आडवी झालेली ज्वारी एक-दोन दिवसांत थोडीशी सावरते, तशा याहि सावरतात. लांबच्या प्रवासानंतर कानाला दडे बसतात, किंवा गुंई आवाज येत राहतो, आणि सकाळीं सारें ठीक वाटतें, तें यामुळेंच. रोजच वादळ आलें तर मात्र त्या मरतात. माणसाच्या कानांत त्या पुन्हा उगवत नाहींत, आणि एकहि औषध त्यांना परत आणीत नाहीं. श्रवणयंत्र मी वापरतों. त्याचा उपयोग होतो, पण तें चष्म्याप्रमाणें पूर्ववत् करून देत नाहीं.

उपाय स्वस्त आहे. औषधाच्या दुकानांत मऊ फोमचीं बुचें मिळतात. त्यांना इअरप्लग म्हणतात. परंतु तीं बसविण्याची रीत आहे, आणि बहुतेक लोक तेथेंच चुकतात. हात धुवून बूच बोटांत वळून बारीक वातीसारखें करावें. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागें ओढावी, म्हणजे कानाची वाट सरळ होते. मग बूच आंत सरकवून अर्धा मिनिट बोटानें धरून ठेवावें. तेवढ्यांत तें फुगून जागा धरतें. आपलाच आवाज रांजणांत बोलल्यासारखा वाटूं लागला, म्हणजे तें बसलें असें समजावें. बाहेर डोकावत असेल, तर हेल्मेट घालतांना तें हलतें आणि सारा खटाटोप फुकट जातो. काढतांना हिसका न देतां हळूं पिळून काढावें. मळलेलें बूच टाकून द्यावें. ज्याचा कान फुटलेला किंवा वाहता आहे, त्यानें डॉक्टरांना विचारल्यावांचून यांतलें कांहीं करूं नये.

कापसाच्या बोळ्यानें थंडी अडते, गोंगाट फारसा अडत नाहीं. हेल्मेट डोक्यासाठीं आहे. त्याविना गाडीवर बसूंच नये. पण वाऱ्याच्या जाड, घुमणाऱ्या आवाजापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. तें मापाचें असावें, कांच बंद ठेवावी आणि हनुवटीखालची फट गळ्याच्या रुमालानें भरावी, कारण पुष्कळसा आवाज त्या वाटेनें वर येतो. रुमाल पट्ट्याच्या आड मात्र येतां कामा नये. इअरफोन घालून गाणीं ऐकणारांविषयीं काय बोलावें! वाऱ्यावर मात करण्यासाठीं गाणें आणखी मोठें करावें लागतें. म्हणजे चोराला हांकलण्यासाठीं दरोडेखोर घरांत घेण्यासारखें झालें.

बुचांनीं मागचा हॉर्न ऐकूं येणार नाहीं, असा आक्षेप पुतण्यानेंहि काढिला होता. आक्षेप रास्त आहे, पण पुरा नाहीं. बूच वाऱ्याला आणि हॉर्नला दोघांनाहि खालीं आणतें; त्यांच्यांतलें अंतर जवळजवळ तसेंच राहतें. उन्हांत काळा चष्मा लावल्यानें रस्ता दिसेनासा होत नाहीं, उलट डोळे मिटायचे थांबतात, तसेंच हें. हमरस्त्यावर हॉर्न ऐकूं येत नाहीं तो मुळांत वाऱ्याच्या गोंगाटांत बुडाल्यामुळें. गांवांत शिरल्यावर, ताशी २५–३० च्या वेगांत, वाऱ्याचा जोर उरत नाहीं. तेथें बाजूला थांबून बुचें काढावीं, असें माझें मत. आरसे मात्र दोन्ही ठिकाणीं पाहावेत.

सायलेन्सर फोडून गांव हादरविणाऱ्या तरुणांचीं नळकांडीं पोलिस जप्त करून रोलरखालीं चिरडतात, अशीं छायाचित्रें मी वर्तमानपत्रांत पाहिलीं आहेत. पूर्वीं मीहि त्यांतलाच एक होतों, म्हणून हंसूं येत नाहीं.

पुतण्या पहिले दोन महिने माझें ऐकेना. मग एका शनिवारीं रात्रीं जेवतांना त्याची आई त्याला हळूच कांहीं विचारीत होती आणि तो "काय? काय?" करीत होता. मी बोललों नाहीं, घरांत "काय?" म्हणण्याचा मान आजवर माझा एकट्याचा होता, आणि सगळ्यांनीं माझ्याकडे पाहिलें. दुसऱ्या दिवशीं परत निघतांना त्यानें माझ्याकडून बुचें मागून घेतलीं. आतां त्यांची लहानशी डबी त्याच्या गाडीच्या किल्लीला अडकविलेली असते. कान तपासून घेण्याचें मात्र तो अजून पुढेंच ढकलतो आहे. त्याला यंदाच्या दिवाळींत मी स्वतः घेऊन जाणार आहें.