उंच हॉटेल आणि दोन शिंकी



शहरातली उंच इमारत दिसली की आपण मान वर करून मजले मोजू लागतो. पण इमारतीचे ओझे कोण कुणावर टाकतो, हे पाहायचे मात्र राहून जाते. आज अशाच एका हॉटेलाची हकिगत ऐका.

अमेरिकेत मिसूरी राज्यात कॅन्सस सिटी हे शहर आहे. तेथे जुलै १९८० मध्ये हायट रीजन्सी हे ४० मजली हॉटेल सुरू झाले. एका अंगाला खोल्यांचा मनोरा, दुसऱ्या अंगाला सभागृहे, आणि मध्ये छत घातलेला मोठा उंच चौक. चौकात खांबांची अडचण नको, म्हणून ये-जा करण्याचे तीन पूल छतापासून पोलादी सळयांनी टांगले होते. प्रत्येक पूल सुमारे १२० फूट लांब. चौथ्या मजल्याच्या पुलाखाली नेमका दुसऱ्या मजल्याचा पूल. तिसऱ्याचा बाजूला, एकटा.

आता घरातले शिंके डोळ्यांपुढे आणा. आढ्यापासून एकच लांब दोरी सोडली आणि तिच्यावर दोन गाठी मारून दोन मडकी टांगली, तर प्रत्येक गाठ आपापले मडके पेलते. मूळ नकाशा असाच होता. पण मधल्या नटासाठी लांबच लांब सळईवर आटे पाडावे लागले असते. म्हणून कारखान्याने सुचवले, की सळईचे दोन तुकडे करू. खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईलाच टांगू. म्हणजे खालचे मडके वरच्या मडक्याला बांधले! आढ्यावरचे ओझे तेवढेच राहिले बरं का; वरच्या गाठीवरचे मात्र दुप्पट झाले. मूळ नकाशाही शहराच्या नियमाने ठरवलेल्या भाराच्या सुमारे ६० टक्केच पेलणारा होता. अभियंत्यांच्या कचेरीने बदललेल्या नकाशावर शिक्का मारला. त्या जोडाचा नवा हिशेब कुणीच केला नाही.

१७ जुलै १९८१. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. चौकात नाचाचा कार्यक्रम चालू होता. दीड हजारांहून अधिक माणसे जमली होती. वरच्या पुलाची तुळई नटाशी फाकली, सळई निसटली, आणि दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. बाजूचा एकटा पूल जागचा हलला नाही. पुढे दोघा अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. चौकात नंतर एकच पूल बांधला, तोही खालून खांब देऊन.

गुरुजींनी हे वर्गात करून दाखवावे. एक मुलगा दोरी धरील. दुसऱ्याने दोरीवरचा वरचा डबा तळहातावर पेलावा. खालचा डबा आधी दोरीला बांधा, मग सोडून वरच्या डब्याला बांधा. फरक हातालाच कळेल.

आपल्या गावातही शाळा, पाण्याची टाकी, साकव यांची कामे निघतात. काम चालू असताना कुणी म्हणतो, “हे असं केलं तर सोपं पडेल.” पडेलही. पण ओझे आता कुठे गेले आणि त्याचा हिशेब कुणी केला, एवढे विचारल्याशिवाय मान डोलावू नका.