जुव्यावरच्या दोन रात्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. हळदीकुंकवाच्या दिवशी दारात उभी राहून गुलाबपाणी शिंपडण्यापलीकडे या सभागृहात माझे फारसे काम नसते. तरी आज अध्यक्षीणबाईंना मीच म्हटले की मला पंधरा मिनिटे द्या. कारण असे की आपल्या मंडळाच्या अहवालात २०२३ सालच्या पानावर एक ओळ आहे : 'कोकणची सहल आनंदात पार पडली.' ती ओळ माझी. ती खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. यंदा आपल्या तरुण मुली पुन्हा त्याच बेटावर जायचे म्हणतात आणि 'मागच्यांनी केले, आम्हांला काय अवघड' असे बोलतात. तेव्हा राहिलेले सांगून टाकणे मला भाग आहे.

आपल्या सहली म्हणजे शेगाव, माहूर, फार तर पंढरपूर. जायचे, दर्शन घ्यायचे, भक्तनिवासात पाठ टेकायची आणि परत यायचे. समुद्र आपल्यापैकी कितीजणींनी पाहिला असेल? आपली धाम वेणेला मिळते, वेणा वर्धेला, वर्धा वैनगंगेला, आणि मग प्राणहिता होऊन ते पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाते. पश्चिमेच्या समुद्राशी आपले तसे नातेच नाही. पण आमच्या नऊजणींच्या मनात आले की समुद्र पाहायचाच, आणि तोही लॉजच्या गच्चीवरून नव्हे. होडीने एखाद्या लहानशा बेटावर जायचे, आपला तंबू आपण ठोकायचा, आपली चूल आपण मांडायची आणि दोन रात्री राहायचे. बरोबर पुरुषमाणूस नाही, आचारी नाही.

कोणी म्हणाले, मग सिंधुदुर्गातच राहू. मालवणचा तो किल्ला १६६४ साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला; यापेक्षा चांगली जागा कोणती? पण संरक्षित स्मारकात सूर्यास्तानंतर बाहेरच्यांना थांबता येत नाही. तो बेत तिथेच संपला. मग आमच्यातल्या एकीच्या लेकीचे सासर मालवण तालुक्यातले निघाले आणि तिने 'जुवा' हा शब्द आम्हांला दिला. खाडीच्या पोटात नदीच्या गाळाने जे लहान बेट तयार होते त्याला तिकडे जुवा म्हणतात. गोव्यात मांडवीच्या मुखाकडे एका बेटाचे नावच जुवें आहे. गड नदीच्या कालावल खाडीत असे काही जुवे आहेत. काहींवर घरेदारे आहेत, काहींवर नुसते माड. आम्ही गेलो तो माडांचाच होता. मालकांची परवानगी विहिणबाईंनी काढली आणि नेण्याआणण्याला होडीवाला ठरला.

तयारी आम्ही पवनारला धामच्या काठी केली. एक अख्खा रविवार ताडपत्री बांधायची आणि सोडायची, एवढेच. पहिल्या वेळी सगळा तंबू आमच्या डोक्यावर आला. काठावरची पोरे इतकी हसली की त्यांना शेवटी चिवडा द्यावा लागला.

आता मौज ऐका. समुद्राचे ज्ञान आपल्याला नाही असे आपण म्हणतो, पण अर्धे ज्ञान आपल्या पंचांगात आहे. कोकणातला कोळी भरतीची वेळ घड्याळावरून काढत नाही, तिथीवरून काढतो. पक्ष कोणताही असो, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण काम भागते. एकादशी-प्रदोष ज्यांच्या बोटांवर आहेत त्या आपल्या बायकांना हे गणित किती सोपे! अमावास्या-पौर्णिमेला पाणी फार चढते आणि तितकेच खाली जाते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार बेताचा असतो, तो भांग. हे सगळे मी वहीत लिहून पाठ केले होते. पण पाठ असणे आणि कळणे यांत फरक असतो.

माघ शुद्ध द्वादशीला, म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेला, सकाळी नऊला भर भरतीत आमची होडी माडांच्या मुळाशी जाऊन टेकली. पायही ओला झाला नाही. आम्ही अंथरुणे, भांडी, दोन वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन आणि वर्ध्याहून आणलेले गोवऱ्यांचे पोते उतरवले. होय, गोवऱ्या! सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये त्या पोत्यावरून डब्यातल्या लोकांनी आमची जी थट्टा केली ती सांगत बसत नाही. पण रोडगे करायचे तर गोवऱ्यांचीच आर हवी, असा आक्कांचा हट्ट. आक्का आमच्यात वयाने मोठ्या, सत्तरीच्या जवळ आलेल्या. त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या संमतीनेच हे बोलते आहे.

तंबू कुठे ठोकायचा हे होडीवाल्याने दाखवले. वाळलेल्या पानांची आणि शिंपल्यांची एक रेघ जमिनीवर पडलेली असते, तिथवर भरती येते. आम्ही तिच्या बरेच वर जागा धरली, कारण पौर्णिमा जवळ आली की ती रेघ रोज थोडी वर सरकते. जळणाला पडलेल्या झावळ्या आणि नारळाची सोडणे भरपूर होती. काठाच्या कांदळवनाला मात्र हात लावायचा नाही. ते तोडणे कायद्याने बंद आहे, आणि त्याच्या मुळ्यांनीच तो गाळ धरून ठेवलेला असतो.

त्या संध्याकाळी रोडगे, वांग्याची भाजी आणि खाडीवरचे चांदणे. वाऱ्याने माडांचा आवाज अगदी पावसासारखा येत होता, दोघीतिघी तर तंबूबाहेर हात काढून पाहत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी रात्री दाराला कडी न लावता झोपले. दारच नव्हते!

सकाळी उठून पाहते तो एका कॅनखालची वाळू ओली. रात्री अंधारात तोटी मीच बंद केली होती आणि ती नीट बसली नव्हती. कॅन जवळजवळ रिकामा. दुसऱ्यातले निम्मे पाणी आदल्या दिवशी स्वयंपाकात आणि पिण्यात गेलेले. तांदूळसुद्धा आम्ही पिण्याच्या पाण्याने धुतले होते, आणि ती परवानगी माझीच. नऊ बायकांना दोन दिवसांसाठी चाळीस लिटर, हा हिशेब मुळातच तोकडा होता. घरी आपण किती पाणी पितो ते कधी मोजत नाही, आणि त्या दमट हवेत घाम किती जातो याचा अंदाज वर्ध्याच्या कोरड्या उन्हात वाढलेल्यांना येत नाही.

भगिनींनो, चूक एवढीच असती तर ती हसण्यावारी गेली असती. त्या दिवशी त्रयोदशी, भरती पावणेदहाला. मला ओली वाळू दिसली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. फोन लागत होता. 'दोन कॅन पाणी घेऊन या' एवढे म्हटले असते तर होडी दहाच्या आत आली असती. मी फोन केला नाही. रिकामा कॅन तंबूमागे ठेवला आणि 'पाणी जरा जपून वापरा गं' एवढेच म्हटले. सहलीची सगळी आखणी माझी. घरी आणि मंडळात मी छातीठोकपणे सांगितले होते की आम्हांला कोणाची मदत लागणार नाही. पहिल्याच सकाळी मदत मागायची म्हणजे काय, असे मला वाटले.

तीनच्या सुमारास आक्कांना भोवळ आली. मग उलट्या, पायांत पेटके, जीभ कोरडी. विचारता विचारता कळले की त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाणी जवळजवळ घेतलेच नव्हते. का? तर शौचाला जाण्यासाठी आम्ही जो खड्डा खणून पडदा लावला होता, तो बेटाच्या पार टोकाला. शोभत नाही म्हणून लांब केला. रात्री अंधारात तिथवर जायला त्यांना भीती वाटत होती आणि दुसरीला उठवायचा संकोच. म्हणून पाणीच प्यायचे नाही! आपण बायका हे नेहमी करतो. एस. टी.च्या प्रवासात करतो, लग्नाच्या मांडवात करतो. कोणी कोणाला सांगत नाही.

कॅनच्या तळाशी चारपाच लिटर पाणी होते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण आमच्यातल्या अंगणवाडीताईंना पाठ. त्यांनी चमच्याचमच्याने ते पाजायला सुरुवात केली. मी होडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाईनू, आता पाणी नाय." मला वाटले, गावात प्यायला पाणी नाही असे हा सांगतो आहे, आणि मी त्याच्यावर चिडले. तो शांतपणे म्हणाला, "सुकती लागली हा. रातचा पाणी चढला काय होडी घेऊन येतंय."

तेव्हा मी खाडीकडे पाहिले. सकाळी जिथे निळे पाणी होते तिथे लांबवर काळा चिखल पसरला होता आणि त्यात बगळे चालत होते. चारची ओहोटी, तीही पौर्णिमेजवळची. वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिले होते! रात्री आठपर्यंत होडी येणार नाही. डोक्यावर दोनशे नारळ लोंबत होते आणि आम्हा नऊजणींत माडावर चढणारी एक नव्हती.

ते दोन तास कसे गेले ते मी सांगू शकत नाही. आक्कांच्या मुलाला काय तोंड दाखवू, हा एकच विचार डोक्यात होता. आक्का मध्येच डोळे उघडून म्हणाल्या, "माह्या पोराले सांगू नको माय, नाहीतं मले पुन्हा कोठीच जाऊ देणार नाही तो."

पाच वाजत आले असतील. चिखलातून एक बाई चालत येताना दिसली. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, डोक्यावर भरलेली कळशी, हातात पिशवी. ती सरळ येत नव्हती. कधी डावीकडे वळे, कधी थांबून पायाने चाचपे, एका ठिकाणी कमरेएवढ्या पाण्यातून आली, पण तिची कळशी हलली नाही. ती होडीवाल्याची बायको. ओहोटीला याच चिखलात ती आणि तिच्या जावा तिसऱ्या आणि कालवे वेचतात. कडक जमीन कुठे, पाय कुठे रुततो हे तिला ठाऊक. मी म्हटले, "अहो, होडी येत नाही म्हणाले, आणि तुम्ही कशा आलात?" ती म्हणाली, "होडयेक पाणी होया, माका कित्याक?"

पिशवीत चार शहाळी होती. कोयत्याने तिने ती फोडली आणि आक्कांचे डोके मांडीवर घेऊन पाजली. आम्ही कोण, कुठल्या, हे तिने विचारले ते अंधार पडल्यावर. आक्कांना तोवर लघवी झाली होती आणि त्या बोलू लागल्या होत्या. त्यांनीच तिला सकाळचा उरलेला रोडगा दिला. तिने तो चावून पाहिला आणि "दगड खातात काय तुमच्याकडे?" असे काहीसे ती म्हणाली. नंतर मात्र दोन मागून घेतले. रात्री आठला होडी आली, आक्कांना मालवणात डॉक्टरांना दाखवले, एक सलाइनची बाटली लागली. बाकीच्या सातजणी ठरल्याप्रमाणे दुसरी रात्र जुव्यावरच राहिल्या. ती बाई त्यांच्या सोबतीला थांबली. मी आक्कांजवळ दवाखान्यात होते. म्हणजे या भाषणाच्या नावातली दुसरी रात्र माझी नव्हे, त्यांची.

परत आल्यावर मी अहवाल लिहिला. आक्कांनी शब्द घेतला होता हे खरे. पण तो मला सोयीचाही होता. गळका कॅन आणि न केलेला फोन त्यातच झाकून गेला. आक्कांनी गेल्या महिन्यात स्वतःच मुलाला सगळे सांगितले. तो रागावला, दोन दिवस बोलला नाही. मग आईला एक विजेरी आणून दिली.

आपल्यातल्या काहीजणी आता म्हणतील की असे असेल तर सहलच नको. मी तसे म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की माणशी दिवसाला पाच लिटर गोडे पाणी धरा आणि ते लहान लहान कॅनमध्ये न्या, म्हणजे एक गळला तरी सगळे जात नाही. खड्डा पाण्यापासून दूर असावा, पण तंबूपासून हाकेच्या अंतरावर, आणि रात्री तिथे कंदील राहू द्या. शोभेचे काय ते दिवसा पाहू. रोज सकाळच्या भरतीआधी होडीवाल्याला फोन झालाच पाहिजे, काही कमी असो वा नसो. आणि त्याच्या बायकोला सोबतीण म्हणून ठरवा, तिला तिच्या नवऱ्याइतकीच मजुरी द्या. मागच्या वेळी आम्ही तिला एक साडी दिली. तिने ती घेतली, पण मला अजून त्याची लाज वाटते.

दिवस मात्र पौर्णिमेजवळचे नकोत, अष्टमी धरा. भांगाचे पाणी फार खाली जात नाही, होडीची अडचण कमी येते. यावर यादीत पहिले नाव घालणाऱ्या बाईंचे म्हणणे असे की अर्धवट चांदण्यात कसली आली मजा, मग वर्ध्यातच गच्चीवर झोपू. त्या बाई म्हणजे आक्का. आमचा वाद अजून मिटलेला नाही, आणि पंचांग त्यांच्याच पिशवीत आहे.