लंका जाळणारा दिग्दर्शक

शहापूर-मुरबाडच्या गावागावांतून उन्हातान्हाचे आलेले श्रोतेहो,

‘आपत्तीपटांचा दिग्दर्शक’ हा विषय पत्रिकेवर वाचून बऱ्याच जणांना हॉलिवूडचा कोणी साहेब आठवला असेल. साहेब येतील, पण थोड्या वेळासाठी. मला बोलायचे आहे ते कसारा घाट चढून गेल्यावर जो मुलूख लागतो तिथल्या माणसाबद्दल. त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्यांच्या घरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्याबद्दल.

दादासाहेबांना आपण ‘चित्रपटसृष्टीचे जनक’ म्हणतो, तसबिरीला हार घालतो आणि मोकळे होतो. त्यांच्या चित्रपटांची नुसती नावे लक्ष देऊन वाचा. १९१३ चा मोहिनी भस्मासुर, १९१७ चा लंकादहन, १९१९ चा कालियामर्दन, १९३२ चा सेतुबंधन, १९३७ चा गंगावतरण. कुठे माणसाची राख होते, कुठे नगर पेटते, कुठे नदीत विष कालवले जाते, आणि शेवटी तर अख्खी गंगा आभाळातून खाली येते. पौराणिक चित्रपट, असे म्हणून आपण ही यादी कपाटात ठेवून देतो. मला ती आपत्तीपटांची यादी दिसते. पुराणांत नीतीच्या कथा काय कमी आहेत? हरिश्चंद्र आणि सावित्री त्यांनी केलेच. पण गर्दी लोटली ती लंका पेटली तेव्हा.

लंकादहन गिरगावात लागला तेव्हा सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. मद्रासकडे तिकिटांची चिल्लर बैलगाडीत भरून पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली, असे सांगतात. पडद्यावर राम आणि सीता एकाच माणसाने केले होते, अण्णा साळुंके यांनी. हे साळुंके मूळचे मुंबईतल्या एका उपाहारगृहात कामाला होते. चार वर्षे आधी राजा हरिश्चंद्रमध्ये त्यांनीच तारामती केली होती, कारण सिनेमात काम करायला बाईमाणूस मिळेना. आज हे ऐकून हसू येते, पण त्या प्रेक्षकांना खटकले नाही. आपल्या डोंगरपट्ट्यात बोहाड्याला मुखवटा चढवून रावण नाचतो, तेव्हा मुखवट्याखाली शेजारचा कोण आहे हे आपल्याला ठाऊक असतेच की. अंगात येते ते सोंग, माणूस नव्हे.

मग लोक पाहायला काय आले? कथा पोरासोरांना पाठ होती. पण मारुतीने उड्डाण केले आणि सोन्याची नगरी जळली, हे कीर्तनकाराने हजार वेळा सांगितले तरी डोळ्यांनी कोणी पाहिले नव्हते. फाळके ते दाखवू शकले, कारण त्यांच्या हातात अनेक धंदे होते. मुंबईला जे. जे.त आणि बडोद्याला कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण शिकलेले. पुरातत्त्व खात्यात नोकरी केलेली. छापखाना काढलेला. जादूचे प्रयोगही केलेले, तेही स्वतःचे आडनाव उलटे करून, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. त्यांनी नुसत्या आगकाड्या हलवून एक लहानसा चित्रपटही केला होता, ‘आगकाड्यांची मौज’. लंका पेटवणाऱ्याने आगकाड्यांपासून सुरुवात करावी, यापेक्षा शिस्तशीर उमेदवारी दुसरी नाही!

एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेणे, कॅमेरा थांबवून वस्तू बदलणे, देखावे आणि प्रतिकृती बांधणे, हे सारे त्यांनी सूर्याच्या उजेडावर केले. विजेचे दिवे नव्हते. पाऊस लागला की काम थांबे.

आणि आता जळण्याची खरी गोष्ट. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. तिच्या रसायनातच प्राणवायू असतो, म्हणून एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी ती जळत राहते. पहिल्या खेळांनंतर राजा हरिश्चंद्रची प्रत अशीच जळाली, म्हणून फाळक्यांनी १९१७ मध्ये तो चित्रपट पुन्हा घेतला, असे जाणकार सांगतात. पहिल्या राजा हरिश्चंद्रनंतर त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दादरहून नाशिकला हलवला. मुंबईत उतरलेली कोरी फिल्म नाशिकला जायची आणि तयार रिळे मुंबईला यायची, ती आपल्याच रुळांवरून. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. पुढे थळ घाटाचा चढ, वाफेचे इंजिन, कोळशाच्या ठिणग्या, आणि डब्यात रामायण, तेही ज्वालाग्राही. आजही कसाऱ्याला घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिने लागतात, तेव्हा मला ती रिळे आठवतात.

ही फिल्म घरात कोण हाताळत होते? त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. दिवसभर कंपनीच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना भोके पाडणे, ती धुणे. नवऱ्याने १९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली आणि कॅमेरा आणला, हे आपण कौतुकाने सांगतो. पेट घेणाऱ्या फितीशी रोज रात्री खेळणाऱ्या बाईचे नाव श्रेयनामावलीत शोधावे लागते. माझ्या मते तो कारखाना दोघांचा होता.

फाळक्यांच्या स्वतःच्या आयुष्यात आपत्ती थोड्या नव्हत्या. गोध्र्याला फोटोचा धंदा थाटला, तर प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेले. छापखान्यात भागीदारांशी फाटले. सिनेमाच्या नादात रात्रंदिवस डोळे ताणले, तर काही काळ दृष्टीच गेली. पुढे भांडवलदारांबरोबर काढलेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत पैसा आला आणि पैशाबरोबर त्यांचे हिशेब आले. हा माणूस वैतागून काशीला गेला, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, पुन्हा परतला. यातले काहीही त्यांनी पडद्यावर आणले नाही. प्लेगवर चित्रपट नाही. का, हे त्यांनी सांगितलेले मला माहीत नाही. माझा तर्क असा आहे की त्यांना अशीच आपत्ती दाखवायची होती जिच्यात कोणीतरी आवरणारा आहे. कालिया आहे तर कृष्ण आहे, आणि कृष्णाच्या वेशात त्यांची स्वतःची लहानगी मंदाकिनी आहे. गंगा कोसळते तर खाली शंकराची जटा आहे. प्लेगला जटा नव्हती.

आता साहेबांकडे वळू. रोलँड एमरिक, जन्म १९५५, जर्मनीतल्या श्टुटगार्टचा, शिकला म्युनिकला. १९९६ च्या ‘इंडिपेन्डन्स डे’मध्ये त्याने व्हाइट हाऊस उडवले, तेही मोठी प्रतिकृती बांधून खरोखर सुरुंग लावून. फाळक्यांनी शत्रूचे नगर जाळले, एमरिकने स्वतःच्या प्रेक्षकाची राजधानी. दोन्हीकडे लोकांनी रांगा लावल्या. मात्र २००९ चा त्याचा ‘२०१२’ पाहताना शहापूरच्या माणसाने कान टवकारावेत. जग बुडणार हे आधी कळते ते भारतातल्या एका खाणीत, एका भारतीय शास्त्रज्ञाला. पुढे जगातले धनवान एकेका जागेला अब्ज युरो मोजून जहाजांत बसतात, आणि हा शास्त्रज्ञ बायकापोरांसह लाटेखाली जातो. त्याला न्यायला विमान येतच नाही.

इथे तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्या कुशीत राहणाऱ्यांना हे परके का वाटावे? तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. आणि उन्हाळ्यात आपल्या कित्येक पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत असतात. यावर कोणी आपत्तीपट काढत नाही, कारण त्यात काही कोसळत नाही. आणि कोसळते तेव्हाही काढत नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेआधी आपल्या सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. बहुतेक लांबून पोटासाठी आलेली. ती दृश्ये वाहिन्यांवर दिवसभर फिरली. दुसऱ्या दिवशी दुसरे काही फिरू लागले.

सेतुबंधन होईतो बोलपट आले होते. दादासाहेबांनी त्या मूकपटाला मागाहून आवाज चढवला. गंगावतरण हा त्यांचा एकमेव खरा बोलपट, कोल्हापूरच्या कंपनीसाठी केलेला, वयाच्या ६७ व्या वर्षी. गंगा उतरवण्याची युक्ती हातात होती, पण प्रेक्षक आता गाण्यांच्या मागे होता. त्यानंतर त्यांना चित्रपट मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, ओढगस्तीत.

लंकादहनाचा थोडासा तुकडाच आज उरला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांची उरलीसुरली रिळे जमवली, म्हणून तेवढे तरी वाचले. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, तिच्यात कितीतरी जुने चित्रपट गेले. म्हसा यात्रेच्या तंबूत पूर्वी सिनेमा पाहिलेली मंडळी या सभेत आहेत. पुढच्या पौषात त्याच यात्रेत एक पांढरी चादर बांधून लंकादहनाचा हा तुकडा पोरांना दाखवता येईल का, एवढे यात्रा समितीच्या मंडळींनी पाहावे. तिकीट लावू नका. आता प्रश्न विचारा.